बसायला जागा

मराठी भाषेत 'बसणे' या क्रियापदाला जेवढं काम आहे तेवढं आमच्या शाखेतल्या शिपायालाही नाही. धंद्याचा जम बसतो, धोतराची घडी बसते, गवयाचा घसा बसतो, व्यापाऱ्याला फटका बसतो, भाद्रपदात गणपती बसतात, आणि कर्जदार परगावी निघून गेला की बँक हात चोळीत बसते. दिवसभर इतकी कामं करून दमलेलं हे क्रियापद संध्याकाळी सातनंतर मात्र एकाच अर्थाने वावरू लागतं. एखादा मित्र खांद्यावर हात ठेवून, आवाज जरा खाली आणून, "मग काय, बसायचं का?" असं विचारतो, तेव्हा तो आपल्याला खुर्ची देऊ करीत नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गंमत अशी की, या साऱ्या व्यवहारात पिण्याचा उल्लेख कुठेच नाही. "काल जरा बसलो होतो" असं म्हणणारा माणूस काल काय प्यायला ते सांगत नाही. बसला होता, एवढंच सांगतो.

पुष्कळ वर्षं मला हे आपलं मध्यमवर्गीय ढोंग वाटत असे. आता तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे. (हे बसणं निराळं.)

आधी स्वतःविषयी. मी बी.कॉम. आहे. म्हणजे प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, आणि त्या जुळल्या नाहीत तर रात्री नऊपर्यंत घरी जाता येत नाही, इतपत तत्त्वज्ञान मला येतं. वय चाळिशीच्या पलीकडे, हुद्दा कारकुनाचा, आणि व्यसन म्हणाल तर महिन्यातून दोनदा एक बाटली बियर. हा आकडा मी सौभाग्यवतींना सांगितलेला आहे आणि तो ताळेबंदाप्रमाणे थोडाफार सजवलेला आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी बँकेने माझी बदली जवळा बाजारला केली. कोणत्या बँकेने ते सांगत नाही. निवृत्तीला अजून अवकाश आहे. जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्यातलं, औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला तो १ मे १९९९ रोजी, तेव्हा वयाने तो जिल्हाच माझ्यापेक्षा लहान. गावाच्या नावातच बाजार असल्यामुळे इथे बाजार समिती आहे, आडत आहे, हमाल आहेत, आणि हळद आहे. हळदीच्या हंगामात शेतकरी पैसे भरायला येतात तेव्हा नोटाही पिवळ्या होऊन येतात. पहिल्याच महिन्यात दिवसभर रोकड मोजून मी खोलीवर गेलो आणि हात बघतो तो मनगटापर्यंत पिवळे. लग्नानंतर सतरा वर्षांनी माझे हात पुन्हा एकदा पिवळे झाले, आणि या वेळी अक्षता टाकायला कुणीही नव्हतं. कारण कुटुंब नांदेडला आणि मी इथे, एका खोलीत, एका कॉटवर, एका कुकरसह.

एकट्या माणसाला संध्याकाळ फार लांबलचक असते. बँक सुटल्यावर खोलीवर जावं तर चार भिंती, आणि बँकेतच थांबावं तर साहेब समजतात याला काम जास्त आवडतं. तेव्हा चौथ्या की पाचव्या दिवशी मी रस्त्याकडेच्या एका पाटीपाशी येऊन थबकलो. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'परमिट रूम, बिअर बार' असं लिहिलेलं आणि त्याच्या खाली लाजत लाजत 'व खाणावळ'. मी स्वतःला बजावलं की आपण खालची ओळ वाचली आहे, आणि आत शिरलो.

आत सहा टेबलं. त्यांतलं एक लंगडं. त्याच्या पायाखाली जुन्या बिलबुकाची घडी. भिंतीवर नागनाथाची तसबीर, तिला रोज ताजा हार. एक टीव्ही, त्याचा आवाज कायमचा बंद, त्यामुळे त्यावरच्या पुढाऱ्यांची भाषणं सुसह्य होत. गल्ल्यावर मालक. त्यांना सगळं गाव 'मामा' म्हणतं, मीही म्हणू लागलो. आणि मागच्या भिंतीत एक हातभर रुंदीची खिडकी. त्या खिडकीतून बांगड्या भरलेला एक हात यायचा, ताट ठेवायचा आणि दिसेनासा व्हायचा. तो मामींचा हात. दोन वर्षं मी त्या हाताला ओळखत होतो, मामींना नाही.

आणि काय ते ताट! तव्यावरून थेट आलेली ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा, आणि येसराची आमटी. येसर न खाल्लेल्या वाचकांसाठी सांगतो: धान्य, डाळी आणि मसाले खमंग भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. मराठवाड्यात लग्नकार्याला ते करून ठेवतात, आणि त्याची आमटी भुरकली की माणूस सासरच्या लोकांनाही क्षमा करतो. चकण्याला उकडलेले शेंगदाणे, तेही फुकट. मी एक बाटली मागवायचो, ती दीड तास पुरवायचो, आणि त्या दीड तासात मला कुणीही "अजून काय देऊ?" असं विचारायचं नाही. हे न विचारणं ही त्या जागेची खरी मिजास होती.

यंदा पुण्याला गेलो होतो तेव्हा भाच्याने एका पबमध्ये नेलं. तिथे दारूची भट्टी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत काचेमागे ठेवलेली. आमच्याकडे हीच भट्टी उसात लपवावी लागते. भाच्याने माझ्यासाठी 'स्टाउट' मागवली. पेल्यात काळीभोर बियर आणि वर बदामी फेस. मला वाटलं, बाळंतिणीचा काढा चुकून आमच्या टेबलावर आला. भाचा म्हणाला, "मामा, यात जव काळा होईपर्यंत भाजतात." मी घोट घेतला आणि चमकलो. अहो, हा तर येसर! भाजलेल्या धान्याचा तोच कडवट खमंगपणा. फक्त आम्ही आमटी केली आणि त्यांनी बियर. प्रत्येकाने आपापल्या कुवतीप्रमाणे धान्याचं सोनं केलं.

भाच्यानेच मग सांगितलं की, या स्टाउटमध्ये सगळ्यांत नावाजलेली गिनेस. डब्लिन शहरात आर्थर गिनेस या गृहस्थाने १७५९ साली भट्टीची जागा भाड्याने घेतली, वर्षाला ४५ पौंड भाड्याने, ९,००० वर्षांच्या कराराने. हे ऐकून माझ्यातला बँक कारकून ताडकन जागा झाला. मी तिथल्या तिथे कागदी रुमालावर हिशेब मांडला: एकूण भाडं ४,०५,००० पौंड, शेवटचा हप्ता इसवी सन १०७५९. आमच्याकडे एका शेतकऱ्याला म्हशीसाठी तीन वर्षांच्या मुदतीने कर्ज द्यायचं तर म्हशीचं वय विचारतात! पुढे कंपनीने ती जागा विकतच घेतली, त्यामुळे तो करार राहिला नाही. पण नऊ हजार वर्षं एका जागी बसायचं ठरवणाऱ्या माणसाविषयी मला नितांत आदर वाटला.

जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली आपल्या मनातल्या आदर्श पबवर एक लेख लिहिला होता. त्याने आपल्या लाडक्या पबचे दहा गुण सांगितले, त्यांत पिंपातून काढलेली स्टाउटही होती, आणि शेवटी कबूल केलं की असा पब अस्तित्वातच नाही. हा ऑर्वेल जन्मला आपल्या बिहारमध्ये, मोतिहारीला, आणि त्याच बिहारमध्ये २०१६ साली दारूबंदी आली. आयर्लंडातसुद्धा गुड फ्रायडेला पब बंद ठेवायचा १९२७ सालचा कायदा होता, तो २०१८ साली उठला. तात्पर्य, माणसाला बसायला जागा हवी आणि सरकारला ती जागा कधी तरी बंद करायला हवी, ही दोन्ही जागतिक सत्यं आहेत.

आता आपल्या सरकारकडे वळू. आपल्या राज्यात १९४९ सालचा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. पूर्वी त्याच्या नावात 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आमच्या प्रकृतीची काळजी मुंबईच्या सरकारने जरा उशिरा घ्यायला सुरुवात केली. १९५१ साली बलसारा नावाच्या गृहस्थांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी उचलून धरला. औषधं आणि अत्तरं तेवढी सुटली, पिणारे अडकले. राज्यघटनेच्या ४७व्या कलमातही राज्याने दारूबंदीचा प्रयत्न करावा असं सांगितलं आहे, औषधाचा अपवाद ठेवून. तेव्हा प्यायची, तर औषध म्हणून प्यायची! त्यासाठी परवाना. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना पाच रुपये, वर्षाचा शंभर, आणि हजार रुपयांत आजन्म. बियर प्यायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत आणि कडक दारूला पंचवीस. आणि परवान्यातली मेख ही की, धारकाला हे पेय आपली प्रकृती राखण्यासाठी लागतं. 'परमिट रूम' म्हणजे खऱ्या अर्थाने रुग्णालयच की हो! सहा टेबलांचं.

इथे माझ्यासमोर पहिला नैतिक प्रश्न उभा राहिला. माझ्या प्रकृतीला बियरची काही गरज नाही. उलट पोटाचा घेर बघता तिला विरोधच असावा. मग त्या परवान्याच्या जोरावर बसणं म्हणजे मी खोटं बोलतो आहे का? सरकारला ठाऊक आहे की हे खरं नाही. मामांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. ज्या खोट्याने कुणीच फसत नाही त्याला खोटं म्हणावं का? आमच्या बँकेतही 'कर्जाचं कारण' या रकान्यात शेळ्या लिहिलेल्या असतात आणि त्या शेळ्या मांडवात हिरवा शालू नेसून उभ्या असतात. कागदाला एक कारण लागतं आणि माणसाचं कारण दुसरंच असतं, ही मानवजातीची जुनी तक्रार आहे. मला विचाराल तर त्या परवान्यावर एक ओळ हवी होती: 'अर्जदाराला दीड तास बसायचं आहे.' ती नाही, म्हणून प्रकृतीला पुढे करावं लागतं. मराठी भाषा खरं बोलते, ती म्हणते 'बसू या'. खोटं बोलतो तो परवाना.

असा शोध लागल्यामुळे मी भलताच खूश होतो. मामांच्या टेबलाला मी एक तात्त्विक बैठकही मिळवून दिली होती. एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, रे ओल्डनबर्गने, १९८९ साली एक पुस्तक लिहिलं. घर ही माणसाची पहिली जागा, कामाचं ठिकाण दुसरी, आणि जिथे काही काम नसताना चार लोकांत बसता येतं ती तिसरी जागा. ही तिसरी जागा नसेल तर पहिल्या दोन जागा माणसाला खाऊन टाकतात, असा त्याचा मथितार्थ. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी आपलं दुकान अमेरिकेत बी माहीत हाय?" आणि खरोखर, त्या सहा टेबलांवर हमाल, आडत्या, मास्तर आणि कारकून एकाच छपराखाली बसत. औंढ्याच्या देवळाची कथा सर्वांना ठाऊक आहे: नामदेवांना कीर्तनाला देवळाच्या मागे बसायला लावलं, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. माणूस कुठे बसला यावर त्याची पायरी ठरवू नये, एवढं तरी त्या कथेतून घ्यावं. आमच्या पंचक्रोशीत देवसुद्धा बसणाऱ्याच्या बाजूचा आहे, असं मी एकदा बियरच्या तिसऱ्या पेल्यावर म्हणालो आणि मास्तरांनी टाळी दिली.

अशा सुखात असताना एका बाजाराच्या दिवशी ती बाई माझ्या काउंटरवर आली.

तिच्या हातात पासबुक नव्हतं, स्लिप नव्हती. ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "सायेब, आमच्या मालकाचे हळदीचे पैसे जमा झालेत. आत्ता काढाया येतील. आज देऊ नका."

मी म्हणालो, "बाई, पैसे त्यांचे, खातं त्यांचं. मी कोण न देणारा?"

"एटीएमचं कार्ड म्या पिठाच्या डब्यात लपवलंय," ती म्हणाली, "पण सही काय डब्यात ठेवता येत न्हाई."

एवढं बोलून ती भिंतीजवळच्या बाकड्यावर, पंख्याखाली जाऊन बसली. आणि पाच मिनिटांत तिचा नवरा आलाच. साधा, मवाळ चेहऱ्याचा माणूस. मी त्याला ओळखत होतो. मामांकडचं कोपऱ्यातलं टेबल त्याचं. मी स्लिप घेतली, पडद्यावर सही पाहिली. सही तंतोतंत जुळत होती. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "सही जुळत नाही."

वाचकहो, वीस वर्षांच्या नोकरीत मी असं कधी केलं नव्हतं. तो माणूस बिचारा ओशाळला. त्याने पुन्हा सही केली. मी मान हलवली. त्याने आणखी काळजीपूर्वक केली. आता आपली सही आपण काळजीपूर्वक करू लागलो की ती दुसऱ्याचीच होते. सहाव्या खेपेला त्याची सही खरोखरच जुळेनाशी झाली, आणि माझं खोटं आपोआप खरं होऊन बसलं. "उद्या या," मी म्हणालो. तो गेला. बाईने माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला, तरी उठली नाही. चांगली तासभर बसून राहिली.

संध्याकाळी मी फार समाधानात मामांकडे गेलो. एका घराचं भलं केलं होतं, तेही कुणाच्या प्रकृतीच्या कारणास्तव. बाटली मागवली आणि कोपऱ्यात पाहतो तर तो माणूस आपल्या टेबलावर बसलेला. समोर क्वार्टर, जवळजवळ संपत आलेली.

मला बघून तो अर्धवट उठला. "या सायेब, बसा की," म्हणाला, आणि शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवली. "आज सही काही जमंना बघा. हात कापतो का काय की. पर मामांनी लिहून घेतलं. उद्या पैसे निघाले का देऊन टाकतो."

म्हणजे मी पैसे अडवले होते आणि मामांनी उधारीच्या वहीत ते सोडवले होते. तारणाशिवाय, जामिनाशिवाय, कर्जाचं कारण न विचारता. मी गल्ल्यापाशी जाऊन दबक्या आवाजात विचारलं, "मामा, उधार कामून दिलं?"

मामा वही मिटून म्हणाले, "सायेब, म्या न्हाई दिलं तर ते घरी जातंय व्हय? ते जाणार हातभट्टीवर. तिथं काय घालत्यात ते त्या देवालाच ठाऊक. इथं म्या त्याला भाकर खाल्ल्याबिगर उठू देत न्हाई."

यावर मी काय बोलणार? २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली, ते मला आठवत होतं. आणि हेही दिसत होतं की भाकरी खाऊ घालणाऱ्या या भल्या माणसाच्या वहीत त्या घराची अर्धी हळद मांडलेली आहे. मी टेबलाशी परत आलो. तीच जागा, तोच दिवा, तीच शेंगदाण्यांची बशी. माझ्या टेबलावर जी गोष्ट निवांतपणा होती, तीच चार फुटांवरच्या टेबलावर कुणाच्या तरी संसाराची गळती होती. मी दीड तासाने उठू शकतो आणि तो उठू शकत नाही, एवढाच काय तो दोघांच्या सद्गुणांतला फरक. आणि हा उठू शकणारा माणूस सकाळी त्याचा न्यायाधीश झाला होता, संध्याकाळी शेजारी येऊन बसण्यासाठी! त्या दिवशी बियर कडू लागली. ती कडूच असते, पण इतके दिवस ते जाणवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई आली. मी तिला सरळ सांगून टाकलं की आपला उपाय फुकट गेला. ती म्हणाली, "ठाऊक हाय. रातीच कळलं."

मी म्हणालो, "मग गावातल्या बायांनी मिळून दुकानच का बंद करत नाही? तसा नियम आहे." नियम खराच आहे. २००८ सालच्या शासन आदेशाप्रमाणे पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घेतात. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायांनी बाटली आडवी केली की दुकान बंद. कित्येक गावांतल्या बायांनी असं करून दाखवलं आहे. त्याच वेळी, चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली दारूबंदी २०२१ साली उठवली गेली, हेही आपण पाहिलं आहे.

बाईने जरा विचार केला. "आडवी करीन की," ती म्हणाली. "पर मंग ते औंढ्याला जातील गाडीवर. रातचा रस्ता. इथून निदान पायी तरी येतात."

मामांना कारण होतं, बाईला कारण होतं, सरकारला घटनेतलं कारण होतं. मला तेवढं खोटं होतं. तेव्हा मी खऱ्याचा प्रयोग करून पाहायचं ठरवलं. दुपारी नवरा आला, शुद्धीत, हात न कापता. मी त्याला खुर्चीवर बसवलं, बाईंना बोलावून घेतलं आणि म्हणालो, "भाऊ, काल सही जुळत होती. मी खोटं बोललो. का बोललो ते यांना विचारा."

मला वाटलं आता हा वरपर्यंत तक्रार करणार. तो खाली मान घालून बसला. मी त्याला सांगितलं की दोघांच्या नावाचं खातं काढता येतं, आणि पैसे दोघांच्या सहीनेच निघतील अशी अट घालता येते. एकट्याची सही मग चालत नाही, कितीही जुळली तरी. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काढा सायेब. बरंच हाय. दिवसा मला माझा भरवसा असतो, रातचा नसतो."

मी लेजरातली माणसं ओळखणारा माणूस. पण स्वतःच्या रात्रीच्या 'मी'वर दिवसाच्या 'मी'ने घातलेलं असं तारण मी आजवर पाहिलं नव्हतं. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमातही नव्हतं.

यानंतर सगळं छान झालं, असं लिहिलं तर तो परवान्यातला मजकूर होईल. तो अजूनही मामांकडे बसतो. कधी बाई सही करते, कधी करत नाही, कधी दोघं काउंटरवरच भांडतात आणि रांग त्यात भाग घेते. पण मामांच्या वहीतलं त्याचं पान आता एका पानातच मावतं. आणि मी सद्गुणी झालो म्हणाल, तर तेही नाही. मीही बसतो. फक्त ज्या टेबलाला मी देवळाच्या पायरीला नेऊन ठेवलं होतं, तिथून ते खाली उतरवून ठेवलं आहे. टेबलच ते.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. खातं काढून झालं, काम संपलं, तरी बाई दर बाजारच्या दिवशी बँकेत येते आणि पंख्याखालच्या बाकड्यावर बसते. सुरुवातीला मी विचारायचो, "काही काम होतं का?" एकदा ती म्हणाली, "काम न्हाई सायेब. जरा बसते. इथं कुणी उठ म्हणत न्हाई."

मी ओल्डनबर्गच्या तीन जागा मोजू लागलो. घर ही तिची पहिली जागा. पण घर हेच तिचं काम, म्हणजे दुसरीही तीच, आणि उरलेला वेळ शेत. तिसरी कुठून आणायची? पारावर पुरुष, हॉटेलात पुरुष, मामांकडे पुरुष. साऱ्या गावात बाईमाणसाला काही काम नसताना बसता येईल अशी जागा सापडली ती बँकेचं बाकडं, आणि तीही आमचे साहेब लोकांनी विनाकारण गर्दी करू नये म्हणून काढून टाकायच्या विचारात होते. मी त्यांना सांगितलं, "साहेब, ते बाकडं ग्राहकसेवेत मोडतं." हे मात्र खोटं नव्हतं.

त्याच रात्री मामांकडे जेवायला बसलो होतो. खिडकीतून तो बांगड्यांचा हात आला, त्याने येसराची वाटी ठेवली. इतक्या वर्षांत प्रथमच मी खिडकीकडे वाकून विचारलं, "मामी, तुमचं जेवण झालं का?"

आतून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. बहुधा असा प्रश्न त्या खिडकीतून कधी आत गेला नसावा. मग उत्तर आलं, "सगळे उठले का बसते."

बाटलीत अजून अर्धा पेला होता. त्या दिवशी मी जरा लवकर उठलो.